सहाशे सत्त्याण्णव

नाव विचारलं तर हे इंजिन आपलं माप सांगतं. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, म्हणून 697. चार सिलिंडरचा धाकटा भाऊ आहे, तो 497. कारखान्यात बारसं करणाऱ्याला याहून काही सुचलं नसावं. कन्हानच्या गॅरेजात तर तेवढंही कुणी म्हणत नाही. तिथं ते नुसतं ‘टाटा इंजिन’.

जुना ट्रक घ्यायला आलेला माणूस आधी टायर पाहतो, डाल्यावर थाप मारतो, कमानीची पानं मोजतो, आणि मग मालकाकडे न बघता विचारतो, “इंजिन टाटाचं हाय का कमिन्सचं?” गाडी टाटाचीच असते, तरी प्रश्न खुळा नसतो. गेल्या शतकाच्या शेवटापासून टाटाच्या मोठ्या गाड्यांत दोन घराण्यांची इंजिनं नांदत आली. एक हे घरचं 697 आणि दुसरं टाटा-कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातलं. चेसिस तीच, केबिन तीच, पुढचा ‘टी’सुद्धा तोच. सेल्फ मारेपर्यंत नवख्याला फरक कळत नाही. पुढच्या पाच-सात वर्षांचा हिशेब मात्र या एका उत्तरावर ठरतो.

कन्हानला या प्रश्नाची सवय आहे. नागपूरहून कामठी मागं टाकली की नदीवरचा पूल, आणि पुलापलीकडे पारशिवनी तालुक्यातलं हे गाव. जबलपूरचा रस्ता इथूनच जातो, पूर्वीचा सात नंबर, आताचा 44. भोवती वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळशाच्या खाणी, गोंडेगाव, इंदर, कामठी. पुढं मनसरला मँगनीज. पश्चिमेला खापरखेडा आणि कोराडी, कोळसा जाळून वीज करणारी दोन केंद्रं. शिवाय नदीची वाळू आहेच, आणि तिच्या घाटांच्या लिलावावरून होणारी भांडणं. (वेकोलिच्या कागदांतलं ‘कन्हान क्षेत्र’ मात्र इथं नाही. ते वर छिंदवाडा जिल्ह्यात, नदी जिकडून येते तिकडे. इथल्या खाणी ‘नागपूर क्षेत्रा’त मोडतात. नव्या माणसाचा यात हमखास घोळ होतो.)

अशा गावाला ट्रक लागतात, आणि ते नवे घेणं परवडत नाही. नॅशनल परमिटला वयाची अट आहे. साध्या ट्रकला 12 वर्षं, मल्टी-ॲक्सलला 15. ती उलटली की चेन्नई-दिल्ली करणारी गाडी राज्यापुरती उरते. मग तिला खाणीपासून रेल्वेच्या साइडिंगपर्यंत, घाटापासून बांधकामापर्यंत अशी कामं मिळतात. दोन मालक होऊन गेलेले असतात, रंग तीनदा बदललेला असतो. इथल्या रस्त्यावर दिसणारा ट्रक बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जन्मातला. 697 चा मुक्काम अशाच गाड्यांच्या पोटात.

कूळ पाहायला गेलं तर मोठं आहे. 1954 साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असे. 1969 साली करार संपला, तारा गेला आणि ‘टी’ आला. इंजिन मात्र राहिलं. मर्सिडीजनं 1964 साली ओएम 352 नावाचं थेट इंधन फवारणारं इंजिन काढलं होतं. व्यास 97, स्ट्रोक 128 मिलिमीटर, एकूण 5,675 सीसी. 697 चं मापही मिलिमीटरला मिलिमीटर तेच. म्हणजे गोंडेगावच्या कोळशाच्या चुरीतून धापा टाकत वर येणाऱ्या टिपरच्या छातीत साठच्या दशकातलं जर्मन गणित असतं. त्याचा तोरा म्हणाल तर काडीचा नाही. बापाचा तारा काढून घेतला, तेव्हापासून ते घराण्याबद्दल बोलत नाही.

बाकी मात्र ते सतत बोलतं. थंड असताना पहिला हुंकार देतं तेव्हा पांढरा धूर सोडतं, कारण गार सिलिंडरात डिझेल पुरतं जळत नाही. वय झालं की निळा सोडतं. तो ऑइलचा धूर, रिंगा झिजल्याचा. चढावर दम लागला की काळा. तेव्हा पंप देतोय तेवढं डिझेल जाळायला हवा कमी पडते. धूर सोडायची त्याला लाज नाही आणि ऑइल गाळायचीही नाही. जिथं रात्रभर उभं राहील तिथं सकाळी खाली एक काळा डाग असणारच. कोरडं टाटा इंजिन दिसलं तर अनुभवी माणूस आनंदत नाही, संशय घेतो. कुणीतरी काल वाफेनं धुतलं असणार.

त्याची खरी ताकद त्याच्या अडाणीपणात आहे. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नाही. बॅटरी काढून नेली तरी ते चालत राहील, कारण डिझेल ढकलणारा पंप गिअरवर फिरतो आणि डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं. बंद करायला जुन्या गाड्यांत चावीचाही उपयोग नसे. डॅशबोर्डवरची ‘स्टॉप’ची मूठ ओढून डिझेल तोडावं लागे. म्हणूनच बॅटरी दुबळी असलेले ड्रायव्हर रात्री गाडी उतारावर लावतात. सकाळी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअरमध्ये क्लच सोडला की झालं. उंदरानं वायर कुरतडली म्हणून 697 कधी रस्त्यात थांबलं नाही. थांबतं ते डिझेलमध्ये हवा शिरली म्हणून. मग क्लीनर हातपंप मारून हवा काढतो आणि गाडी पुढं.

आता दुसऱ्या घराण्याचं. कमिन्स कंपनी 1919 साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी निघाली. ती काढणारा क्लेसी कमिन्स हा त्या गावच्या एका बँकवाल्याच्या घरचा मोटार-ड्रायव्हर होता, आणि पैसा लावला त्याच मालकानं. ही गोष्ट कन्हानच्या टपरीवर सांगितली तर कुणाला खोटी वाटेल, कुणाला फार खरी. महाराष्ट्रात हे नाव आलं 1962 साली, पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली तेव्हा. मराठी माणसाला डिझेल इंजिनाची ओळख त्याआधीच विहिरीवर झाली होती, तीही किर्लोस्करांमुळेच. शेतात ‘इंजिन’ म्हटलं की तेच डोळ्यांपुढं येई. कमिन्स मात्र शेतात आलं नाही, ते खाणीत गेलं. वेकोलिच्या उघड्या खाणीत उतरणाऱ्या अवाढव्य डंपरांत त्याचीच थोरली भावंडं असतात. ट्रकात आलं ते 1993 साली टाटा-कमिन्स स्थापन झाल्यानंतर. सहा सिलिंडर, व्यास 102, स्ट्रोक 120, मिळून 5,883 सीसी. अमेरिकेत हेच इंजिन 1989 पासून डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये होतं. तिथले शेतकरी ज्यानं घोड्यांचे ट्रेलर ओढत, त्यानं इथं 25 टनी गाडी ओढली.

मापात फरक 208 सीसीचा. स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचा. कमिन्सचा पिस्टन थेट ब्लॉकमध्ये कोरलेल्या भोकात फिरतो, वेगळा लायनर नाही. त्यामुळे भाग कमी, बांधा सुटसुटीत. पण बोअर घासला तर अख्खा ब्लॉक उचलून बोरिंग मशीनवर न्यावा लागतो. अर्धा मिलिमीटर वाढवायचा, त्या मापाचे पिस्टन आणायचे. पुन्हा घासला की पुन्हा वाढवायचा, आणि शेवटी स्लीव्ह ठोकायची. 697 मध्ये लायनर असतो. झिजला की काढायचा, नवा दाबून बसवायचा, पिस्टन परत 97 चाच. त्याचं तारुण्य नट-बोल्टच्या दुकानात खोक्यात मिळतं, आणि नागपूर जिल्ह्यात असं दुकान सापडायला फार लांब जावं लागत नाही.

सगळे गुण म्हाताऱ्याच्या पदरात टाकणं मात्र अन्याय होईल. कमिन्स चढावर मान टाकत नाही. कमी फेऱ्यांत जास्त जोर देतं, आणि डिझेल कमी पितं हे तर टाटा इंजिनाचे भक्तसुद्धा आवाज खाली आणून कबूल करतात. पुढं 697 लाही टर्बो बसला, त्यानं छाती फुगली, तरी अंतर राहिलंच. ड्रायव्हर लोक लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचा फरक सांगतात. तोच धरून चाला. महिन्याला 5,000 किलोमीटर पळणारी गाडी साडेतीनच्या ॲव्हरेजनं 1,428 लिटर पिईल, चारच्या ॲव्हरेजनं 1,250. नव्वद रुपयांच्या भावानं हा फरक 16,000 रुपयांचा. एवढ्यात एका कर्जाचा हप्ता निघतो. लांबच्या लाइनवर जायचं असेल तर इथंच चर्चा संपायला हवी.

पण कन्हानचा कोळशाचा ट्रक महिन्याला पाच हजार पळतच नाही. तो काट्यावर रांगेत उभा राहतो. खाणीच्या गेटवर उभा राहतो, साइडिंगवर उभा राहतो, पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतून उभा राहतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. तिथं हाच फरक 54 लिटरवर येतो, म्हणजे पाच हजारांच्या आत. कोळशाची चुरी हवेबरोबर आत जाते, फिल्टर चोंदतो, टर्बोची पाती झिजतात, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की चुरीनं भरलेला रेडिएटर पाणी गार करेनासा होतो. हे सगळं दोन्ही इंजिनांच्या वाट्याला सारखंच येतं. सहन करायची रीत वेगळी. तापून हेड गॅस्केट गेलं तर 697 चं काम मिस्त्री रस्त्याच्या कडेला झाडाखालीसुद्धा करतो. पुढच्या महिन्यात परत जातं, परत करतो.

कन्हानचा एक साठी ओलांडलेला मिस्त्री या दोघांतला फरक दोन वाक्यांत सांगतो. “टाटा बोलते जी. दोन महिने आधी सांगते का मी आता बसतो. कमिन्स सांगत नाही, एकदम बसते.” कमिन्सवाल्यांना हे पटणार नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते पुरतं खरंही नाही. कमिन्सही खुणा देतं, पण त्या वाचायला कान वेगळे लागतात, आणि या मिस्त्रीचे कान चाळीस वर्षं 697 वर तयार झालेत. मला मात्र वाटतं, जुन्या गाडीचं इंजिन निवडताना हाच मुद्दा मोठा. नव्या गाडीला कंपनीची हमी असते, सर्व्हिस सेंटर असतं. जुन्या गाडीला गावातला एकच माणूस असतो. त्याला ज्या इंजिनाचं दुखणं दुरून ऐकू येतं, ते आपलं इंजिन. छापील माहितीपत्रकात हा रकाना नसतो.

लेलँडचंही घराणं आहे. जुन्या कॉमेटची इंजिनं, आणि नंतर जपानच्या हिनोच्या कराराखाली आलेली, ज्यांना लोक अजून ‘हिनो’च म्हणतात. गुळगुळीत चालतात, डिझेलला हात आखडता. पण कन्हानच्या ज्या गॅरेजांबद्दल मी बोलतोय तिथं ती पाहुण्यासारखी येतात. चहा मिळतो, मुक्काम नाही.

आणि ट्रेलर ओढणारा घोडा घ्यायचा असेल तर 697 चं नावही काढू नये. टाटाच्या आकड्यांतच उत्तर आहे. पहिले दोन आकडे वजनाचे टन, पुढचे दोन ताकद, दहा हॉर्सपॉवरच्या हिशेबानं. 1613 म्हणजे 16 टन आणि 130 च्या आसपास. 2515 म्हणजे 25 टन आणि 150. 4018 म्हणजे 40 टन, 180. चाळीस टन लोखंड घेऊन खवासा ओलांडून सिवनीकडचा कुरई घाट चढायचा, तर तिथं स्वभाव कामाचा नाही, छाती लागते. तिथं कमिन्स. म्हाताऱ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही हे मनातल्या मनात मान्य केलेलं असतं.

697 तपासायचं तर पहाटे. मिस्त्री गिऱ्हाइकाला बजावतो, “सकाळी साडेपाचले या. त्याले सांगू नका काऊन येऊन राहिले ते.” कारण विकणारा आधी तासभर गाडी चालवून ठेवतो. गरम इंजिनात घट्ट झालेले पिस्टन तोंड मिटून बसतात. थंड इंजिन खोटं बोलत नाही. म्हणून गेल्यावर पहिल्यांदा हात लावायचा तो ब्लॉकला. कोमट लागला तर परत फिरावं.

मी पाहिलेली गाडी एमएच 40 पासिंगची होती, 2515, दहा चाकी टिपर. घेणारा दुसऱ्याच्या गाड्या चालवून केस पांढरे झालेला ड्रायव्हर, पहिल्यांदा मालक व्हायला निघालेला. त्याच्या शेजारी दलाल, हातात आरसी बुक. ब्लॉक गार होता. मिस्त्रीनं डिपस्टिक ओढली, ऑइल दोन बोटांत चोळलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. पण जाड होतं, जरा जास्तच जाड. आवाज दाबायला गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल इंजिनात ओतायची युक्ती जुनी आहे. मिस्त्री काही बोलला नाही, नुसतं फडक्याला हात पुसला. मग ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर घासून आरसी बुकाशी ताडून पाहिला. हे काम पुष्कळ लोक विसरतात. 697 इतकं सहज एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातं की जन्माची चेसिस आणि आजची चेसिस एकच असेल असं नाही. बदललेल्या इंजिनाची आरटीओत नोंद नसेल तर ते कितीही गोड चाललं तरी त्याला हात लावू नये. या गाडीचा नंबर जुळला.

सेल्फ मारला. दोनदा नुसतं कण्हलं, तिसऱ्यांदा पेटलं. अंगणभर पांढरा धूर झाला आणि मिनिटाभरात निवळला. मिस्त्रीनं ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवलं. ते थरथरलं, पण उडालं नाही. रिंगांच्या बाजूनं खाली निसटणारी हवा याच तोंडातून वर येते. तिला इथं ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. झाकण उडून पडलं असतं तर लायनर-पिस्टनचा खर्च ठरलेला होता. थरथर म्हणजे अजून दोन-अडीच वर्षं. “बुढा हाय, पण छाती बसली नाही,” मिस्त्री म्हणाला.

मग त्यानं ती गोष्ट केली जी मला या सगळ्या प्रकारात सर्वांत देखणी वाटते. पंपापासून सहा नोझलांकडे सहा बारीक पोलादी पाइप जातात. त्यानं पाना घेऊन पहिल्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला केला. डिझेल बाहेर झिरपायला लागलं, पहिल्या सिलिंडरचा घास तुटला आणि इंजिनाचा आवाज लंगडला. नट कसला, आवाज सावरला. दुसरा ढिला केला, पुन्हा लंगडला. तिसरा, चौथा, पाचवा, तेच. सहावा ढिला केला आणि काहीच झालं नाही. इंजिन जसं चालत होतं तसंच चालत राहिलं. म्हणजे सहावा आधीपासूनच काम करत नव्हता. बाकीचे पाच त्याला ओढत होते. मिस्त्रीनं एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक तिथं टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. नोझल, बहुतेक. नोझल नसेल तर व्हॉल्व्ह.

हे असं ऐकणं आता शेवटच्या पिढीचं आहे. 2017 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-4 च्याच गाड्या विकता येऊ लागल्या, 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 च्या. त्यातली पहिली पिढी आता जुन्या बाजारात उतरली आहे. त्यांच्या कॉमन रेलमधलं डिझेल 1,600 बारपर्यंत दाबलेलं असतं. 697 च्या जुन्या पंपाचं नोझल 200 च्या आसपास उघडायचं. कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनात ढिला करायला जाल तर फवारा कातडीतून आत घुसेल. तिथं पाना नाही, लॅपटॉप लावायचा. युरियाची टाकी, सेन्सर, काजळी अडवणारा फिल्टर. धूर नाही, त्यामुळे धुराचे रंगही नाहीत. कन्हानमध्ये मिस्त्रींची पोरं ते शिकून राहिलीत, आणि त्यांनी शिकावंही. म्हाताऱ्याच्या काळ्या धुरात गावाची फुप्फुसं काय भोगतात हे त्याच्या गुणगानात विसरून चालणार नाही. आठ वर्षांनंतर दर साली फिटनेस, 15 वर्षांवरच्या गाडीला 2022 पासून कितीतरी पट फी, आणि वर स्क्रॅपचं धोरण, तेही नागपूरच्याच खासदारांनी मंत्री म्हणून आणलेलं. कायदा 697 ला आता सरळ दार दाखवतो आहे. ते अजून उठलेलं नाही, एवढंच.

तिकडे त्या अंगणात इंजिन बंद झालं होतं आणि भावाचं बोलणं सुरू होतं. ड्रायव्हरनं बोटांवर मोजून खर्च सांगितला. पंप उतरवून कॅलिब्रेशन, नोझल सहाही नवीन, ऑइल बदली, रेडिएटर खोलून साफ, क्लच प्लेट अर्धी गेलेली. फिटनेस दोन महिन्यांवर. फायनान्सचा बोजा उतरल्याची एनओसी हातात पडल्याशिवाय टोकन देणार नाही. दलालानं सगळं ऐकून घेतलं, एनओसीला मान डोलावली, क्लच प्लेटला अर्धी मान डोलावली. सहाव्या सिलिंडरवर मात्र तो अडला. गाडी चालते, माल ओढते, कालच चार फेऱ्या मारल्या, अशी त्याची बाजू.

“भाऊ, एकाचं काय घेऊन बसले? पाच तर मस्त चालून राहिले ना!”

“मंग पाचाचेच पैसे घ्या,” ड्रायव्हर म्हणाला.